पायथन बदलायला कंटेनरमध्ये शिरू नका, आणि ‘डॉट स्टोरेज’ फोल्डर तर मुळीच उडवू नका

होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) डॉकरवर, म्हणजे प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या साधनावर, चालवणाऱ्यांसाठी लिहिलेला एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. फिरत फिरत तो नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या काकांपर्यंत पोहोचला आणि त्यांनी तो ओळीबरहुकूम अमलात आणला. मेसेजचं म्हणणं असं: इमेजमधला (ज्या तयार साच्यावरून कंटेनर उभा राहतो त्यातला) पायथन, म्हणजे होम असिस्टंट ज्या भाषेत लिहिलंय ती चालवणारा प्रोग्राम, जुना असतो म्हणून घर हॅक होतं, कंटेनरमध्ये शिरून स्वतःच पायथन ३.१३ टाका, त्यात जीआयएल (एका वेळी एकच धागा चालू देणारं पायथनचं अंतर्गत कुलूप) काढून टाकल्यामुळे सगळं दुप्पट वेगाने चालतं, आणि काही बिघडलंच तर कॉन्फिगमधलं (सेटिंग्जच्या फोल्डरमधलं) ‘डॉट स्टोरेज’ फोल्डर उडवा, ते आपोआप नव्याने तयार होतं.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरा घात त्याने केला. फोल्डर आपोआप तयार होतं हे खरं आहे. पण रिकामं! तुमची लॉगिन खाती, जोडलेल्या सगळ्या उपकरणांची नोंद, त्यांना दिलेली नावं, कोणतं उपकरण कोणत्या खोलीत, हाताने मांडलेला डॅशबोर्ड, हे सगळं त्याच फोल्डरमध्ये असतं. काकांच्या स्क्रीनवर डॅशबोर्डच्या जागी ‘नवीन खातं उघडा’ असं स्वागताचं पान आलं. ऑटोमेशनची, म्हणजे कधी काय आपोआप करायचं त्या नियमांची, फाइल वेगळी असते, ती बचावली. पण त्यातली बरीच ऑटोमेशन उपकरणाच्या अंतर्गत आयडीवर बांधलेली होती, आणि उपकरण पुन्हा जोडलं की तो आयडी बदलतो. त्यामुळे खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारी मोटर यादीत दिसत होती, पण वेळेवर सुरू होत नव्हती. कूलरच्या पंपाचंही तेच. नागपूरच्या मे महिन्यात कूलरचा पंप बंद म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. काका म्हणाले, “अरे, त्यात तर लिहिलं होतं ना, फोल्डर आपोआप बनते म्हणून!” बॅकअप घ्या, एवढे दोन शब्द त्या अख्ख्या मेसेजमध्ये कुठेही नाहीत. लोकांच्या घरातलं पाणी नि वीज ज्यावर चालते त्याबद्दल इतकं बेफिकीर लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आता ‘कंटेनरमध्ये शिरा’ हा सल्ला. ही इमेज अल्पाइन नावाच्या छोट्या लिनक्सवर बांधलेली असते. आत जाऊन पॅकेज मॅनेजरने (सॉफ्टवेअर टाकायच्या साधनाने) पायथन टाकला की तो दुसऱ्याच जागी बसतो आणि त्याची लायब्ररी ठेवण्याची जागाही वेगळी असते. होम असिस्टंट आणि त्याला लागणारी शेकडो पॅकेजेस मात्र इमेजमधल्या मूळ पायथनच्या फोल्डरमध्येच राहतात. मेसेजमध्ये सांगितल्याप्रमाणे ‘पायथन’ या नावाची लिंक (शॉर्टकट) नव्या पायथनकडे वळवली की लॉगमध्ये पहिलीच ओळ येते: होम असिस्टंट नावाचं मॉड्यूल सापडत नाही. पॅकेजेस नुसती उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकूनही भागत नाही. त्यातली सी भाषेतून कंपाइल केलेली बहुतेक पॅकेजेस ठरावीक पायथनसाठीच बांधलेली असतात, ३.१२ साठीच्या फाइलच्या नावातच ३१२ हा आकडा असतो आणि ३.१३ तिला हात लावत नाही.

इथेच त्या मेसेजची सगळी गल्लत आहे. कंटेनरच्या आत केलेली मोडतोड कंटेनर नव्याने उभा केला की पुसली जाते. काकांचा पायथन तसाच, एका कमांडने पूर्ववत झाला. कॉन्फिगचं फोल्डर मात्र कंटेनरच्या बाहेर, तुमच्या डिस्कवर असतं. तिथे उडवलेलं परत येत नाही. टाकून द्यायची ती इमेज, जपायचं ते कॉन्फिग. मेसेज नेमकं उलटं करायला सांगतो.

वेगाच्या दाव्यासाठी पायथन ३.१३ चं ‘नवीन काय’ हे अधिकृत पान उघडून बघावं. जीआयएलशिवायची बांधणी तिथे प्रायोगिक म्हटली आहे आणि ती मुळात वेगळी घ्यावी लागते, नेहमीच्या ३.१३ मध्ये जीआयएल आहेच. त्याच पानावर स्टँडर्ड लायब्ररीतून (पायथनसोबतच येणाऱ्या साहित्यातून) काढून टाकलेल्या १९ मॉड्यूल्सची यादी आहे. त्यात टेलनेटलिब आहे, ऑडिओऑप आहे. जुना ॲम्प्लिफायर किंवा राउटर टेलनेटवरून (नेटवर्कवरून कमांड पाठवायच्या जुन्या पद्धतीने) चालवणारं एखादं कस्टम इंटिग्रेशन, म्हणजे उपकरण होम असिस्टंटला जोडणारा बाहेरून टाकलेला कोड, तुमच्याकडे असेल तर ते याच कारणाने बंद पडू शकतं. नवे पायथन वेगवान झालेत हे मान्य, ३.११ हा ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान असल्याचं पायथनवाल्यांनीच सांगितलं होतं. पण दिवा लावताना होम असिस्टंटचा बहुतेक वेळ उपकरणाच्या उत्तराची वाट बघण्यात जातो. तिथे पायथन काय करणार?

राहिला हॅकिंगचा मुद्दा. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण ५ वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, मग बंद, ३.८ च्या २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाल्या. तेवढं खरं. पण इतका जुना पायथन इमेजमध्ये असेल तर तुमचं होम असिस्टंटही तितकंच जुनं आहे, आणि बदलायची ती अख्खी इमेज.

त्याची रीत साधी आहे. आधी कॉन्फिग फोल्डरची पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. नव्या आवृत्तीच्या माहितीत काय काय मोडणार आहे ते वाचा, कस्टम इंटिग्रेशनं आधी अद्ययावत करा. मग कंपोझ फाइलमधला (डॉकरला काय चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलमधला) टॅग, म्हणजे इमेजच्या आवृत्तीची खूण, बदला, इमेज ओढा, कंटेनर नव्याने उभा करा. पायथन इमेजसोबतच येतो. जमलं नाही तर जुना टॅग आणि त्यासोबत ती जुनी प्रत, दोन्ही परत ठेवा. नुसता टॅग मागे घेऊ नका, कारण नवी आवृत्ती सुरू होताना डेटाबेसची रचना बदलून टाकू शकते.