जुगाड म्हणालात, म्हणून एवढं लिहितोय

‘एक सिस्टिम अ‍ॅडमिन’ यांस,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सर्व्हरवर एलएस, पीएस, सीपी, कुठलीही लिनक्स कमांड मारली तरी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ येत होतं, म्हणजे ती सुरू होताच कोसळत होती. ते मी कसं निस्तरलं याच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं सांगतो. कमांड कोसळायला लागल्या की आधी रॅम तपासायची असते, आणि मी मेमटेस्टचं, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचं, नावही काढलं नाही. चालू सर्व्हरवर सिस्टिम लायब्ररीच्या, म्हणजे सगळे प्रोग्राम वापरतात त्या सामाईक फाइलच्या, लिंकला हात लावायचा नसतो, रेस्क्यू डिस्कवरून बूट करून ते काम करायचं असतं. लायब्ररी बदलली गेलेल्या मशिनमध्ये कोणी घुसलं होतं का, हे न बघताच मी ते पुन्हा कामाला लावलं. १३९ या एक्झिट कोडचा (कमांड संपताना जो आकडा देते त्याचा) अर्थ मी चुकीचा लिहिला. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘कोल्हापूरकडे असले जुगाड खपून जातात, पण याला ट्रबलशूटिंग म्हणत नाहीत.’

आधी चूक कबूल करतो. १३९ मधून १२८ वजा केले की ११ उरतात, म्हणजे सिगसेग्व्ह, सेगमेंटेशन फॉल्टचा सिग्नल. मी १३ लिहिलं होतं, तो सिगपाइप, वेगळाच सिग्नल. रात्री एक वाजता टाइप केलं होतं. लेखात दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येऊ.

साहेब, तुम्ही कुठून लिहिता मला माहीत नाही. नाव नाही, गाव नाही. माझं दोन्ही त्या लेखावर छापलेलं आहे. माझे वडील उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, तीस वर्षं लेथवर उभे होते. तिथे अर्ध्या सुताचा फरक पडला तर माल परत येतो आणि मजुरी कापली जाते. जुगाड हा शब्द त्या गल्लीत शिवीसारखा वापरतात. एखाद्याने जॉब नीट न बांधता पाचर मारून चालवला, तर वडील म्हणायचे, ‘हे बघ, ह्यानं जुगाड केलाय, ह्याच्याजवळ उभा राहू नको.’ तेव्हा हा शब्द मला कोणी शिकवू नये. न मोजता केलेलं काम म्हणजे जुगाड. मोजून केलेल्या कामाला तुम्ही तो शब्द लावलात, म्हणून मला राग आलाय. आलाय म्हणजे आलाय, लपवत नाही.

मी मोजलं होतं का? लेखात लिहिलंय, पण तुम्ही बहुधा तिथपर्यंत पोचला नसाल. पुन्हा सांगतो.

रात्रीचे साडेअकरा. मी राजारामपुरीत घरी, सर्व्हर पंचगंगेपलीकडे. बॅकअप बघायला संध्याकाळी एक एसएसएच सेशन (दूरवरून सर्व्हरवर केलेलं लॉगिन) उघडलं होतं, ते उघडंच राहिलं होतं. हे नशीब, कारण नवीन लॉगिन होतच नव्हतं. एलएस मारलं, सेगमेंटेशन फॉल्ट. डीएमेसजी, तेच. डेट, तेच. पण सीडी चालतंय, इको चालतंय. इथे थांबून मी पाणी प्यायलो, आणि तुमच्या माहितीसाठी, इथेच ट्रबलशूटिंग सुरू झालं. सीडी आणि इको या बॅशच्या, म्हणजे कमांड ऐकणाऱ्या शेलच्या, पोटातल्या कमांड आहेत, त्यांना डिस्कवरून दुसरा प्रोग्राम उचलावा लागत नाही. म्हणजे जे आधीपासून मेमरीत चालू आहे ते धडधाकट, आणि जे नव्याने सुरू होतंय ते दारातच पडतंय. दारात कोण असतं? प्रोग्राम मेमरीत भरणारा लोडर, आणि जीलिबसी, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूळ लायब्ररी; तिची फाइल ती लिबसी.

मग एलएस नाही तर इको आणि पुढे चांदणी. लिब६४ फोल्डरमध्ये लिबसी नावाने काय काय आहे ते इकोने छापून घेतलं. लिबसी-२.१७ होती, ती असायलाच हवी, सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सची तीच. पण शेजारी लिबसी-२.२८ पण बसलेली. ही पाहुणी कुठून आली? आता लिबसी.एसओ.६ ही लिंक कोणाकडे बोट दाखवतेय ते बघायचं, तर एलएसशिवाय बघणार कसं? बॅशच्या चौकटी कंसात ‘-ईएफ’ नावाची एक तपासणी आहे, दोन नावं एकाच फाइलची आहेत का ते ती सांगते. लिंक आणि २.१७, उत्तर नाही. लिंक आणि २.२८, उत्तर हो. तोपर्यंत मी सर्व्हरवर एकही अक्षर लिहिलेलं नव्हतं, नुसतं बघत होतो. मग बॅशच्याच पोटातलं व्हाइल रीड लावून रूटची, म्हणजे मुख्य खात्याची, मारलेल्या कमांडची हिस्टरी फाइल ओळीओळीने वाचली. दुपारी एका सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा येऊन गेला होता. त्याच्या प्रोग्रामला जीलिबसी २.२८ पाहिजे होती, म्हणून त्याने ती फाइल दुसऱ्या मशिनवरून आणून लिब६४ मध्ये टाकली आणि वर लायब्ररीच्या लिंक लावणारं एलडीकॉन्फिग मारलं. एलडीकॉन्फिगचा स्वभाव असा की एकाच सोनेमच्या (लायब्ररीच्या आतल्या अधिकृत नावाच्या) दोन आवृत्त्या दिसल्या की लिंक मोठ्या आकड्याकडे वळवायची. त्याने तसं केलं. लोडर २.१७ चा, लायब्ररी २.२८ ची. दोघांचं आतलं खाजगी बोलणं जुळत नाही, आणि जो प्रोग्राम सुरू होईल तो आडवा. पोरगा एव्हाना घरी जाऊन जेवला असेल.

यावर मी केलं ते एका ओळीत. कुठली लायब्ररी आधी भरायची ते लोडरला सांगणाऱ्या एलडी_प्रीलोड या व्हेरिएबलमध्ये जुन्या लिबसी-२.१७ चा पूर्ण पत्ता दिला आणि त्याच ओळीत लिंक करणारं एलएन चालवून लिंक जागेवर आणली. सोनेम तेच असल्यामुळे लोडर आधी भरलेली लायब्ररी घेतो आणि लिंककडे ढुंकूनही बघत नाही. एलएस मारलं. फोल्डर दिसले.

हा जुगाड? अहो, ही वेळ येणारच हे जीलिबसी लिहिणाऱ्यांनाच माहीत होतं. म्हणून तर ते सोबत एसएलएन नावाची एक छोटी कमांड देतात, स्टॅटिक बांधलेली, जिला कुठलीच लायब्ररी लागत नाही आणि जी फक्त लिंक करते. कशासाठी? चालू सर्व्हरवर नेमकी हीच लिंक मोडली तर दुरुस्त करता यावी म्हणून. तेही उद्यमनगरातच बसतात की काय? मला त्या रात्री एसएलएन आठवलं नाही, प्रीलोड आठवलं. ते का आठवलं त्यालाही कारण आहे, आणि ते २००३ पासूनचं आहे.

२००३ मध्ये रेड हॅट ९ हे लिनक्स आलं. त्यात थ्रेडिंगची (एकाच प्रोग्रामने एका वेळी अनेक कामं चालवण्याची) नवी पद्धत होती, आणि आमच्याकडचे जुने जावा प्रोग्राम त्यावर बसल्या जागी मरायचे. उपाय होता एलडी_अझ्यूम_कर्नल नावाचं एक व्हेरिएबल, त्यात २.४.१ भरलं की जुनी पद्धत मिळायची. मी हुशारी केली आणि ते लॉगिनला आपोआप वाचल्या जाणाऱ्या सगळ्यांच्या प्रोफाइलमध्येच टाकून दिलं. पुढे सेंटओएस ५ वर गेलो तेव्हा जुनी प्रोफाइल जशीच्या तशी उचलून नेली. त्या आवृत्तीत जुनी पद्धत काढूनच टाकलेली. लॉगिन केलं, एलएस मारलं, उत्तर आलं की लिबसी.एसओ.६ उघडता येत नाही. प्रत्येक कमांडला तेच. हिशेबनीस टेबलाशेजारी उभा, पगाराचा दिवस. मी घाबरून मशिन बंद-चालू केलं. पुन्हा तेच. दोन तास गेले. शेवटी एका जुन्या माणसाने फोनवर विचारलं, ‘अनसेट मारलंस का? ते बॅशच्या पोटात असतंय.’ मारलं. ते व्हेरिएबल पुसलं गेलं आणि सगळं सुरू. त्या दिवसापासून लोडर आणि त्याची व्हेरिएबल्स माझ्या डोक्यात पक्की बसलीत. पुस्तकात वाचून नाही, हिशेबनिसाच्या शिव्या खाऊन.

तेव्हा इतक्या वर्षांनी मी तीच चावी योग्य कुलपाला लावली, आणि तुम्ही म्हणता याला ट्रबलशूटिंग म्हणत नाहीत. बरं, मग काय म्हणतात तेवढं सांगा, मी शीर्षक बदलतो.

रेस्क्यू डिस्कचं. ‘असं करायचं असतं’ हे मलाही ठाऊक आहे. पेनड्राइव्ह फाउंड्रीच्या ड्रॉवरमध्येच आहे. ड्रॉवरची किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर कागलला. सर्व्हरला दूरवरून स्क्रीन दाखवणारं कार्डही नाही, कारण मालकांनी ते ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून तीन वर्षं पुढे ढकललंय. ऑगस्ट २०१९ मध्ये हायवेवर पाणी चढलं तेव्हा आम्हाला कित्येक दिवस शिरोलीचं तोंड दिसलं नव्हतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. अशा गावात ‘जागेवर जाऊन डिस्क लावा’ हा सल्ला नेहमी उपयोगी पडत नाही, हे पुलाच्या अलीकडे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि बूट करायचं म्हणजे आधी बंद करायचं. पेनड्राइव्हवरून नीट उठलं तर ठीक. पण माणूस जागेवर नसताना नुसतं रीबूट झालं असतं तर? इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना आधी भरली जाणारी छोटी तात्पुरती सिस्टिम, आपल्या पोटातल्या लायब्ररीवर उठतं, पण पुढे खऱ्या डिस्कवरचा सिस्टिमडी, म्हणजे बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम, सुरू करायची वेळ आली की तोही त्याच मोडक्या लिबसीवर आपटतो. पहिलीच प्रोसेस मेली की कर्नल पॅनिक, म्हणजे अख्खं मशिन ठप्प. मग माझं एकुलतं एक उघडं सेशनही गेलं असतं, आणि सकाळी सातला भरायची गाडी चलनाशिवाय गेटवर उभी राहिली असती.

मेमटेस्टबद्दल लिहायचं राहिलं हे खरं. पण रॅम खराब असली की मशिन लहरी वागतं. आता एलएस पडतं, मग चालतं, मग टार पडतं. एकाच फाइलचा एमडी५ (तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा) दोनदा काढला की दोन वेगळे येतात. इथे दहापैकी दहा वेळा, प्रत्येक कमांड, एकाच दारात पडत होती. मेमटेस्ट लावायला मशिन बंद करावं लागलं असतं आणि ते रात्रभर चाललं असतं. शंका घेण्यासारखं काही असतं तर घेतली असती.

त्या २.२८ चं तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुसऱ्या एका वाचकाने विचारलं म्हणून सांगतो. लिंक जागेवर आणली तरी ती फाइल लिब६४ मध्ये राहिली तर यम या पॅकेज कमांडने केलेल्या पुढच्या अपडेटला एलडीकॉन्फिग चालून पुन्हा तोच तमाशा होणार. मी ती लगेच रूटच्या होममध्ये हलवली होती, लेखात लिहायचं राहिलं. पोराला जीलिबसी २.२८ पाहिजेच असेल तर कंटेनर, म्हणजे स्वतःच्या लायब्ररी असलेला वेगळा डबा, करा म्हणून सांगितलंय. आणि हो, सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला हे मलाही माहीत आहे, कोणी आठवण करून द्यायची गरज नाही. मालकांना करून द्या, नंबर देतो.

घुसखोरीचा मुद्दा. हिस्टरीत पोराच्या कमांड ओळीने दिसत होत्या, वेळही जुळत होती, फोनवर त्याने कबूलही केलं. आणखी काय पाहिजे? रूटचा पासवर्ड चार-पाच जणांकडे आहे, तो कुठल्या फाउंड्रीत नसतो? प्रत्येक मोडक्या लिंकमागे हॅकर शोधत बसलो तर धंदे बंद पडतील. यावर जास्त लिहीत नाही.

टीका करा, जरूर करा. पण ‘कोल्हापूरकडे’ असा शब्द वापरून अख्ख्या गावाला एका ओळीत झोडपायचं आणि स्वतःचं नाव मात्र लिहायचं नाही, हे आम्हाला जमत नाही. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर छापेन, नाहीतर काढून टाकेन. शिरोलीला आलात तर सर्व्हरही दाखवतो आणि नावाजलेल्या फडतऱ्यांची नाही, आमच्या गल्लीतली मिसळही खायला घालतो. तिखट झेपत असेल तर.

आपला,
लेखक

ताजा कलम: तुमच्या समाधानासाठी आज आरपीएमची (पॅकेजच्या फाइल मूळच्यासारख्याच आहेत का ते बघणारी) पडताळणी सगळ्या पॅकेजांवर चालवली. जीलिबसीच्या नावावर काहीही निघालं नाही. एसएसएचची कॉन्फिग फाइल तेवढी बदललेली दाखवतेय. ती बहुधा मीच कधीतरी बदलली असेन.