पैसे मोजले, तर गेम आपलाच हवा
‘ऑनलाइन गेम कधीतरी बंद होणारच’ असं एका लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घ्या. २०१४ साली आलेला, लोकांनी रोख पैसे मोजून घेतलेला गेम. ३१ मार्च २०२४ ला कंपनीचे सर्व्हर, म्हणजे गेम ऑनलाइन चालवणारे संगणक, बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला, कारण त्यालाही सर्व्हर लागायचा. डिस्क हातात आहे, पण गाडी सुरूच होत नाही! सर्व्हर कायम चालवा असं कोण म्हणतंय? जाताना ऑफलाइन चालेल असं शेवटचं अपडेट द्या, एवढंच मागणं आहे. विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणणाऱ्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेच्या युरोपातल्या अर्जावर १० लाखांहून जास्त सह्या उगाच नाही पडल्या. कॅलिफोर्नियात डिजिटल गेम विकतानाच ‘हा फक्त वापरायचा परवाना आहे, मालकी नाही’ हे स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे निदान तेवढं तरी व्हायलाच हवं.