रक्ताने फोडलेलं बिंग

श्रावणात आमच्या फोंड्याच्या घरात सुक्या बांगड्याचाही वास चालत नाही. त्यामुळे पायांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा त्याचं खापर मी सरळ शिवराक (शाकाहारी) जेवणावर फोडलं. डॉक्टरांनी ते मोडीत काढलं. "यकृतात बी-१२ जीवनसत्त्वाचा काही वर्षांचा साठा असतो, एका श्रावणाने तो संपत नाही. तुम्ही मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन घेताय, त्याने बी-१२चं शोषण कमी होतं. रक्त तपासा."

आकडा आला १,४८०. नेहमीची मर्यादा साधारण २०० ते ९००.

"बघा," बायको म्हणाली, "आणि म्हणे तिसऱ्या-शिंपल्या नाहीत म्हणून अशक्त झालो!"

डॉक्टरांना मात्र आकडा पटेना. "दुसऱ्या कसल्या गोळ्या घेता?"

"नाही हो."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं थोडंच उरलंय. "केसांसाठी काही?"

आता बायको शेजारीच बसलेली. तिच्या बायोटिनच्या बाटलीतली रोज एक गोळी मी दोन महिने गुपचूप गिळत होतो. दहा मिलिग्रॅमची. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे तीनशेपटीहून जास्त! आणि टाळू होती तशीच, गुळगुळीत.

मी कबूल झालो. बायको काहीच बोलली नाही. ते जास्त वाईट.

डॉक्टरांना मात्र हुरूप आला. रक्तातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते आधी रसायनांनी सोडवतात. मग ते आणि यंत्राचं खुणा केलेलं बी-१२ एकाच जागेसाठी झटापट करतात, सकाळच्या फोंडा-पणजी बसमध्ये खिडकीसाठी चालते तशी. खुणेवाल्याला जागा मिळाली की उजेड पडतो. म्हणजे उजेड जास्त तर माझं बी-१२ कमी! (असा उलटा हिशेब करणारं यंत्र मला आमच्या घरातलंच वाटलं.) काही यंत्रांत हा सगळा डोलारा बायोटिनच्या हुकाने अडकवलेला असतो. माझ्या रक्तातल्या बायोटिनने त्या अडकवायच्या जागाच बळकावल्या, उजेड मंदावला आणि यंत्राला वाटलं, माणूस बी-१२ने तुडुंब आहे.

पूर्वी म्हणे नळीत जंतू वाढवून मोजत. बी-१२ भरपूर तर जंतू माजणार, नळी गढूळ होणार. जंतू बरे, त्यांना नुसतं जेवण कळतं.

आठवडाभर गोळी बंद करून पुन्हा सुई टोचून घेतली. आकडा १७६.

"आणि हेही सगळं कामाचं नाही," डॉक्टर म्हणाले. बरंचसं हॅप्टोकोरिन नावाच्या प्रथिनावर नुसतं बसून असतं. पेशींपर्यंत पोचवतं ते ट्रान्सकोबालामिन, त्याच्यावर जेमतेम पाव हिस्सा. म्हणजे बसस्टँडवर उतारू शंभर आणि पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले) पंचवीस.

बाहेर आल्यावर बायकोला कंठ फुटला. "दोन महिने मी त्या फार्मसीवाल्याशी भांडतेय, बाटलीत गोळ्या कमी भरतो म्हणून! काल तर चार लोकांसमोर बोलले त्याला. आता तुम्हीच जा."

इंजेक्शनं घ्यायला मीच गेलो. त्याने पाच अँप्युल काउंटरवर एका रांगेत मांडले, माझं बोट धरून एकेकावर टेकवत मोजले, आणि मग बिलामागे माझ्याकडून लिहून घेतलं: 'पाच मिळाले.'