खोक्याचे पैसे देऊ नका

कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या मेळ्याला, पहिल्यांदा निघालेल्या सोलापूरच्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय. दरवर्षी बघतो. आपली मुलं रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडतात, सकाळी मुंबईत उतरतात आणि पहिल्याच तासात वर्षभर साठवलेले पैसे झगमगत्या स्टॉलवरच्या एका सीलबंद खोक्यावर घालून बसतात. मला याचं खरंच वाईट वाटतं.

बाहेरून येणारी नवी फिगर, म्हणजे कॉमिक्स-सिनेमातल्या पात्राचा बाहुला, महाग असण्याला कारण आहे. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. तिथे कितीही घासाघीस करा, हे पैसे सुटत नाहीत. सुटतात ते खोक्याचे. कोपरा चेपलेला, प्लास्टिक फाटलेलं किंवा खोकंच नसलेली ‘लूज’ फिगर मला कितीतरी वेळा निम्म्या भावात मिळाली आहे. आत बाहुला तोच!

लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, आई भाव विचारायच्या आधी खेळणं उलटं करून बघायची. चाक फिरतंय का, पत्र्याला धार आहे का. भाव नंतर. कॉनमध्ये मी अजूनही तेच करतो.

दोन वर्षांपूर्वी एका टेबलाखालच्या प्लास्टिकच्या टोपलीत मला फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीचा जी. आय. जो, म्हणजे मूळ अमेरिकन सैनिक बाहुला, सापडला. पावणेचार इंची, आपल्याकडे बनलेला. फनस्कूलनं यातल्या काही बाहुल्यांना मूळ अमेरिकन मालात नसलेले रंग दिले, म्हणून आज परदेशातले संग्राहकही ते शोधतात. याचे पाय धडापासून लोंबत होते, त्यामुळे विकणाऱ्यानं तो मोडीत काढल्यासारखा दिला. पण या जुन्या बाहुल्यांच्या पोटात एक रबरी ओ-रिंग असते. पायांचा लोखंडी हूक तिच्यात अडकतो आणि कंबर उभी राहते. तीस वर्षांत रबर वाळतं, तुटतं, बस. घरी येऊन पाठीचा एकच स्क्रू काढला, पंपाच्या स्पेअरच्या दुकानातून बाहुला दाखवून मापाची रिंग आणली. पाच मिनिटांत गडी ताठ उभा.

म्हणून रबर तुटलंय म्हणून सोडू नका. अंगठे मात्र बघा, बंदूक अडकवून अडकवून तेच आधी मोडतात. आणि दोन्ही मांड्यांमधला जोड बघा. तिथे तडा असेल तर खाली ठेवा. कमरेमागे कोरलेलं साल हे साच्याचं असतं, बाहुला त्याच साली बनला असं नाही. त्या सालावर कुणी भाव वाढवून मागत असेल तर देऊ नका.

डुप्लिकेट मालाला मात्र मी स्वस्त म्हणत नाही. मी एकदा एका स्टॉलवर फसलोय. भावाच्या मुलाला दिलेल्या फिगरचा खांदा दुसऱ्या दिवशी हातात आला आणि त्याचा चेहरा उतरलेला मला बघवला नाही. तेव्हापासून तळपायावर किंवा मांडीमागे कंपनीची बारीक अक्षरं आहेत का ते बघतो, डोळ्यांचा रंग रेषेबाहेर गेलाय का ते बघतो, आणि वास घेतो. रॉकेलसारखा उग्र वास आला की पुढचा स्टॉल.

वेळही सांगतो. पहिल्या दिवशी सकाळी फिरून फक्त बघा. भवानी व्हायच्या आधी भाव पाडून मागू नका, माणूस नाराज होतो आणि मग दिवसभर तो तुम्हाला नीट बोलत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी परत या. माल पुन्हा बांधून न्यायचा त्यालाही कंटाळा आलेला असतो. दोन-तीन नग एकत्र मागा, तो स्वतःच कमी करतो. पण स्वतःचा संग्रह विकायला बसलेला एखादा कॉलेजचा मुलगा असेल तर त्याला जास्त पिळू नका. फी भरायला विकत असेल.

यंदा जाणाऱ्यांनी कमेंटमध्ये सांगा. माझ्याकडे ओ-रिंगा पाकीटभर आहेत, निघायच्या आधी घेऊन जा. बारीक स्क्रूड्रायव्हर तुमचा तुम्ही आणा.