काटा आठवर

'प्रेशर चांगलंय' हे वाक्य कानावर पडलं की सोलापूरचा माणूस विरघळतो. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेही कधी भल्या पहाटे तर कधी ऐन झोपेत. त्या दिवशी गल्लीत कुणी कुणाची तब्येत विचारत नाही. 'प्रेशर कसाय?' एवढंच विचारतात. त्यामुळे डिसेंबरातल्या एका पहाटे कांदा भरून मार्केट यार्डाला निघालो आणि आमच्या गाडीच्या ऑइल मीटरचा, म्हणजे इंजिनातल्या तेलाचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा, काटा आठ किलोला (दर चौरस सेंटिमीटरला आठ किलो) टेकलेला दिसला, तेव्हा मला चक्क आनंद झाला.

गाडी वडिलांनी घेतलेली, सहाचाकी. तिच्या भाड्यावर आमच्या दोन्ही बहिणींची लग्नं झाली, म्हणून तिला विकायचा विषय घरात निघत नाही. गेल्या वर्षी तिचा काटा एकच्या आसपास रेंगाळायचा. कुणीतरी म्हणालं, जाड तेल टाका. मी २०डब्ल्यू-५० ओतलं आणि विसरून गेलो.

"मामा, बघा. म्हातारी तरणी झाली," मी ड्रायव्हर मामांना म्हणालो.

मामांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मालक, म्हाताऱ्या माणसाचं प्रेशर वाढलं की आपण पेढे वाटतो का?"

झालं. माझा आनंद वाटेतलं बाळे गाव यायच्या आधीच उतरला.

खरं तर ज्याने नळाच्या पाइपावर अंगठा दाबून झाडांना पाणी घातलंय, त्याला हे कळायला हवं होतं. अंगठा दाबला की धार लांब जाते, जोर वाढतो, पण बादली काही लवकर भरत नाही. इंजिनाचा ऑइल पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. पुढे वाट अडली की दाब चढतो, मोकळी असली की उतरतो. जुन्या इंजिनात बेरिंगा झिजतात, फटी वाढतात, तेल निसटतं, म्हणून म्हातारपणी काटा खाली यावा हा निसर्गनियम. तो वर चढला, तर चार शक्यता: तेल जाड, वाट कुठे तरी तुंबलेली, जास्तीचं तेल परत खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये सोडून दाब उतरवणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला, किंवा मीटर खोटं बोलतंय.

हे ज्ञान मला आज आहे. त्या दिवशी नव्हतं. त्या दिवशी माझ्याकडे फक्त यार्डातली रांग होती आणि रांगेत सल्ला फुकट असतो.

एकजण म्हणाला, फिल्टर चोक आहे. दुसरा म्हणाला, तेलात दोन लिटर डिझेल घाला, सगळं धुऊन निघतं. (घातलं नाही. बेरिंगाही धुऊन निघाल्या असत्या.) हमालांपैकी एकाने निर्वाळा दिला की काटा वर म्हणजे इंजिनात ताकद. आणि माझा पुतण्या, जो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असून त्याने अजून पाना हातात धरलेला नाही, फोनवर म्हणाला, "काका, सील फुटेल, फिल्टरचं गॅस्केट उडेल, गाडी लगेच बंद करा." रांगेत माझ्या पुढे चाळीस गाड्या आणि मागे तीस. बंद करून काय डोक्यावर घेऊ?

दुपारी कांदा उतरवून परत निघालो. इंजिन चांगलं तापलेलं, तरी काटा आठ. रांगेत नुसतं गुरगुरत होतं तेव्हाही आठ, हायवेला पळवलं तेव्हाही आठ. तेल तापलं की पातळ होतं, दाब उतरतो. आयडलला कमी असतो, रेस दिली की चढतो. जो काटा कशानेच हलत नाही त्याच्याविषयी शंका यायला हवी होती. मला आली नाही. मी फिल्टर बदलला. काटा आठ. रात्री जेवताना बायको म्हणाली, "एकदा तुमचंही प्रेशर तपासून घ्या. कपाळावरची शीर उडतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोट रोडला चाचांच्या गॅरेजात गेलो. चाचा चहा पिऊलालते. मी फिल्टरपासून पुतण्यापर्यंत सगळी कहाणी सांगितली. त्यांनी बशी खाली ठेवली.

"मालक, गाडी बंद करा. आता परत नुसती चावी लावा. स्टार्ट नका मारू."

चावी लावली. काटा झपकन आठवर.

"इंजिन झोपलंय, पंप झोपलाय, आन् आठ किलो प्रेशर कुठनं येऊलालाय हो?"

मी गप्प. चावी काढली की काटा शून्यावर जायचा, म्हणून नुसती चावी लावून बघायची बुद्धी मला, मामांना, यार्डातल्या सत्तर गाड्यांना आणि इंजिनिअरिंग कॉलेजला झाली नव्हती.

चाचांनी सेंडर, म्हणजे इंजिनातला दाब मोजून मीटरला कळवणारा पुर्जा, काढला, त्या भोकात नळीचं साधं हातमीटर बसवलं. थंड्या इंजिनाला साडेपाच. अर्धा तास चालवून तापवलं, तर आयडलला दोन आणि रेसला चार. म्हणजे सेंडर मेला होता हे खरंच, पण सकाळी तेल जास्त जाड होतं हेही खरं. चाचांनी माझं २०डब्ल्यू-५० बोटावर चोळून पाहिलं. डब्ल्यू म्हणजे थंडी. त्याच्या आधीचा आकडा जितका मोठा तितकं तेल पहाटे आळशी, आणि असं तेल वर रॉकरपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या डोक्यातल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, पोचायला वेळ लावतं. "कंपनीनं १५डब्ल्यू-४० सांगितलंय ना? मग शेंगाची चटणी कशाला वतता?"

नवा सेंडर, नवं तेल. काटा आता माणसासारखा वागतो: सकाळी चढतो, दुपारी उतरतो.

संध्याकाळी बायकोने मला दवाखान्यात नेलंच. सिस्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला. मी हात मागे ओढला आणि म्हणालो, "ताई, पट्टा लावायच्या आधी तुमचा काटा शून्यावर आहे का तेवढं बघा की."

त्यांनी खरंच पाहिलं.

"शून्यावरच आहे, काका. हात द्या."