तीन कोटेशनं आणि एक गिटार

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी खरेदी विभाग सांभाळतो. तांब्याची तार, पितळी पट्ट्या, नट-बोल्ट, कॅन्टीनची तूरडाळ, सगळं माझ्या सहीनं आत येतं. तीन कोटेशनं मागवायची, तुलनेचा तक्ता काढायचा, एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी भाववाल्याला, फोन लावून आणखी दोन टक्के पाडायचे आणि पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, सोडायची. १८ वर्षं हेच केलं. चार टन तांबं घेताना माझा हात कधी थरथरला नाही. मागच्या हिवाळ्यात मात्र एका इलेक्ट्रिक गिटारनं झोप उडवली. बजेट रुपये २०,००० फक्त.

सुरुवात मुलाच्या गॅदरिंगला झाली. नववीतला एक पोरगा स्टेजवर गिटार वाजवत होता आणि मी, कोणी विचारलेलं नसताना, बायकोच्या कानाशी लागून म्हणालो, "एफ कॉर्ड नीट दाबली नाही त्यानं."

ती स्टेजकडे बघतच म्हणाली, "घरी एक आणा. कशी दाबतात ते बघू."

आता, कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांची जुडी, आणि त्यातली एफ मलाही कधी दाबता आलेली नाही. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी वर संसार करायचा, असा तो प्रकार. कॉलेजात जी, सी आणि डी एवढीच माझी पुंजी होती. गाण्यात एफ आली की मी जोरात गायचो. पुढे नोकरी, लग्न, फ्लॅटचे हप्ते. गिटार चुलतभावाकडे गेली आणि बोटांवरचे घट्टेही यथावकाश गेले. पण आता शब्द तोंडातून गेला होता. शिवाय मनात वीस वर्षं इलेक्ट्रिकच होती, हे घरी कोणाला ठाऊक नव्हतं.

हाताच्या सवयीनं एक्सेल उघडलं. यामाहाची पॅसिफिका, फेंडरच्या घरातली धाकटी पाती स्क्वायर, गिब्सनच्या घरातली एपिफोन, आयबानेझची जिओ, कॉर्ट. मग रकाने. खालच्या ब्रिजपासून वरच्या नटपर्यंत, म्हणजे तार जिथे टेकते त्या दोन टोकांमधली, तारेची लांबी फेंडरवाल्यांची साडेपंचवीस इंच, गिब्सनवाल्यांची पावणेपंचवीस. या पाऊण इंचावरून जाणकार मंडळी हमरीतुमरीवर येतात. मग लाकूड: पॉप्लर, बासवुड, महोगनी. आईनं मागून स्क्रीनवर डोकावून विचारलं, "सागवानी नाही का मिळत?"

पिकअपच्या रकान्यापाशी मात्र मला माहेरी आल्यासारखं वाटलं. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. म्हणजे आमच्याच धंद्यातला माल की! वर पोलादी तार थरथरली की खाली त्या वेढ्यांत वीज उमटते आणि ती आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, म्हणजे अ‍ॅम्पला जाते. एकाच गुंडाळीचा तो सिंगल कॉइल. आवाज लख्ख, पण घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुणही तो तितक्याच इमानदारीनं पकडतो. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडून ती गुणगुण एकमेकींत मारायची, तो हंबकर. गिब्सनच्या सेथ लव्हरनं त्यासाठी १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता. माझ्यातला खरेदी अधिकारी लगेच म्हणाला, हंबकरच घे, तांबं दुप्पट आहे.

याच शोधात कळलं, की ज्या लिओ फेंडरनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही गाजलेली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. हे वाचून मला जो धीर आला, तो आजवर कुठल्याच संतवचनानं आलेला नाही.

जानेवारी संपला तेव्हा माझ्या शीटमध्ये १४ गिटारी आणि २३ रकाने होते. "निविदा उघडली का?" बायको रोज रात्री दिवा मालवताना विचारायची.

शेवटी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराच्या मनगटात सात-आठ दोरे होते. तो म्हणाला, "बोला काका. मुलासाठी बघताय?"

माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

एवढ्याशा शब्दानं घात केला. आता गिटार हातात घ्यायची सोयच उरली नाही. "मुलालाच घेऊन या ना," तो म्हणाला, "हाताला बसते का बघू." पुढच्या शनिवारी मुलाला घेऊन गेलो. त्याला गिटारमध्ये काडीचा रस नाही. त्यानं फणसाला ठोकतात तशी ती दोनदा ठोकून पाहिली आणि फोन काढला. मग मीच, सहज म्हणून, "आण, बघू" असं पुटपुटत स्टुलावर बसलो. पोरानं अ‍ॅम्प चालू केला. भोवती क्लासची चार-पाच पोरं उभी. मी जी दाबली. सहापैकी साधारण साडेतीन तारा वाजल्या. बारा वर्षांचा एक मुलगा त्याच गिटारसाठी ताटकळला होता, त्याची आई त्याला हळूच म्हणाली, "थांब रे, काकांचं होऊ दे."

काकांचं झालं. भाव विचारला. १९,५०० सांगितला, दोन टक्के कमी करणार तोच मनगटवाला म्हणाला, "अ‍ॅम्प, केबल, बॅग, पट्टा धरून अठ्ठावीसपर्यंत जाईल काका." माझ्या २३ रकान्यांत अ‍ॅम्पचा रकानाच नव्हता. मोटर मागवली आणि स्टार्टर विसरला, असा ज्युनियर आमच्याकडे असता तर मी त्याला केबिनमध्ये बोलावला असता.

मग जुन्या बाजाराकडे वळलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांनी गिटारी घेतल्या त्यांची हौस फिटली होती. "फक्त दोनदा वापरलेली" अशा जाहिरातींचा खच होता. त्यातली एक इंदिरानगरची. दार एका बाईंनी उघडलं. मुलगा पुण्याला नोकरीला, गिटार कपाटामागे. काळीभोर पॅसिफिका, दोन सिंगल कॉइल, एक हंबकर, सोबत १० वॉटचा अ‍ॅम्प. बारा हजार म्हणाल्या. मी सवयीनं तोंड उघडलं, तेवढ्यात त्या चहा घेऊन आल्या आणि आपणहून म्हणाल्या, "अकरा द्या. पण आजच नेताय ना?" एवढ्या अनुभवात असा व्हेंडर मला भेटला नव्हता. अ‍ॅम्पचा तो काळा डबा तर त्यांनी स्वतः उचलून लिफ्टपर्यंत आणून दिला आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

गिटार घरी आली तेव्हा आई जपाला बसली होती. तिनं लहानपणी गांधर्वच्या परीक्षा दिल्यात. माळ न थांबवता म्हणाली, "गायक द. वि. पलुस्कर जन्मले ते हे नाशिक. १९२१ साली." यावर काय बोलणार?

गिटारच्या गळ्यावरून, म्हणजे दांड्यावरून, हात फिरवला तर फ्रेट, म्हणजे त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, कडेला बोटाला बोचत होते. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातू आकसत नाही, मग फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात. तीन वर्षं कपाटामागे, त्यातून नाशिकचा मार्च. दुसऱ्या दिवशी तिला डब्याच्या पिशवीसोबत कारखान्यात नेली. टूलरूममधल्या मामांनी ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली, म्हणाले, "साहेब, दांडा वाकलाय." एलन की लावून ट्रस रॉड, म्हणजे दांडा सरळ ठेवणारा आतला गज, पाव फेरा फिरवला, बारीक कानशीनं फ्रेटची टोकं घासली आणि फिलर गेज घालून बाराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिलिमीटरवर आणली. मामांनी आयुष्यात गिटार धरली नव्हती. म्हणजे पुन्हा लिओ फेंडरच. त्यांनी एकच विचारलं, "ही चालवतं कोण?"

रविवारी सकाळी हॉलमध्ये अ‍ॅम्प लावला. बटण दाबताच घरभर घूंऽऽ सुरू झालं.

"मिक्सर कोणी चालू ठेवलाय?" आई आतून.

सिंगल कॉइलची गुणगुण. मला सगळी थिअरी पाठ, पण थिअरीनं आवाज कमी होत नाही. खुर्ची फिरवत गेलो तसा तो कमी-जास्त होत गेला, कारण पिकअपचा रोख बदलला की तो पकडतो तेही बदलतं. खिडकीकडे तोंड केलं की वाढायचा, टीव्हीकडे तर विचारूच नका. देवघराकडे तोंड केलं की सगळ्यात कमी. आईनं समाधानानं मान डोलावली. "वास्तूत सांगतात ते काही उगाच नाही."

तरी बारीकशी राहिलीच. ती तारांना हात लावला की दबते. आपल्या अंगानं गोळा केलेला विजेचा गोंगाट तारांवाटे अर्थिंगला निघून जातो. बायको कणकेचे हात घेऊन बाहेर आली आणि समोर उभी राहून तिनं रीतसर तपासणी केली.

"हात काढा. लावा. काढा. लावा. असाच ठेवा."

मग हात पुसून, स्टूल ओढून ती बसली. मुलानंही फोन खाली ठेवला.

"हं. आता ती एफ."

देवघराकडे तोंड करून मी बसलेलो होतोच.