अठराव्या वर्षी डोक्यावर घेतलं, बाविसाव्या वर्षी टाकून दिलं?

ऑक्टोबर आला की मेलबर्नमध्ये दुसरा विषय नसतो. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ग्रँड फायनल उरकते आणि लगेच सगळे फुटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) क्लब आपापल्या खेळाडूंच्या याद्या उघडून बसतात. कुणाला ठेवायचं, कुणाला दुसऱ्या क्लबाला द्यायचं, कुणाला नारळ द्यायचा. त्या नारळवाल्यांत दरवर्षी विशी-बाविशीतली अशी काही पोरं असतात, की दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांचे फोटो पहिल्या पानावर झळकले होते. आणि मग ऑफिसात जेवणाच्या टेबलावर तेच वाक्य ऐकू येतं, "भरपूर संधी दिल्या त्याला, आता पुरे."

मला हे वाक्य पटत नाही. आज जरा सविस्तर लिहिते.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी थोडक्यात. आपण ज्या एमसीजीला बॉक्सिंग डे टेस्टमुळे ओळखतो, ते मैदान हिवाळाभर फुटीचं असतं. एका बाजूला अठरा खेळाडू, लंबगोल मैदान, ऑफसाइड नाही, चेंडू उंच उडवायचा आणि गर्दीतून हवेत झेपावून पकडायचा. हंगाम संपला की अठरा वर्षांच्या मुलांचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी क्रमाने करायची निवड, होतो आणि त्यात शेवटी राहिलेल्या क्लबाला आधी निवडायला मिळतं. म्हणजे देशातला सगळ्यात गुणी मुलगा बहुतेक वेळा सगळ्यात विस्कटलेल्या क्लबात जाऊन पडतो. पहिला करार साधारण दोन-तीन वर्षांचा. कागदावर ही पद्धत न्यायाची आहे. त्या मुलाच्या बाजूने बघा, मग कळतं.

जॅक वॉट्सचं उदाहरण घ्या. २००८ च्या ड्राफ्टमधला पहिला क्रमांक. सहा फूट पाच इंच उंच, बास्केटबॉलही उत्तम खेळणारा, ब्रायटन ग्रामर शाळेतला मुलगा. मेलबर्न क्लब त्या वर्षी तळाला होता आणि २००९ मध्येही तळालाच राहिला. ८ जून २००९ ला, क्वीन्स बर्थडेच्या (राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीच्या) सामन्यात, कॉलिंगवूडसारख्या दांडग्या संघासमोर त्याला पदार्पणाला उतरवलं. तो तेव्हा बारावीत होता, शाळा संपलेली नव्हती. चेंडू हातात आला न आला तोच कॉलिंगवूडचे खेळाडू त्याच्यावर तुटून पडले. त्या टॅकलची क्लिप इथे अजून फिरते. अठरा वर्षांचं पोर, खांदे भरलेले नाहीत, आणि अंगावर तिशीकडे झुकलेले, वर्षानुवर्षं जिममध्ये घडलेले गडी. मेलबर्न ६६ गुणांनी हरलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाच्या नावावर शिक्का बसला.

पुढे काय झालं तेही बघा. २०११ च्या जुलैत मेलबर्न जिलाँगकडून १८६ गुणांनी हरलं आणि प्रशिक्षक डीन बेली यांना काढलं. मग तात्पुरता प्रशिक्षक, मग मार्क नील्ड, त्यांनाही २०१३ च्या हंगामाच्या मध्येच निरोप, पुन्हा तात्पुरता प्रशिक्षक, मग पॉल रूस, मग सायमन गुडविन. नऊ हंगामांत सहा प्रशिक्षक! एकाला तो पुढे गोल मारायला हवा, दुसऱ्याला मागे बचावात, तिसऱ्याला आणखी कुठे. २०१३ मध्ये अख्ख्या क्लबाने २२ पैकी २ सामने जिंकले. त्याच वर्षी लीगने क्लबाला २००९ च्या प्रकरणावरून पाच लाख डॉलर दंड ठोठावला, कारण जास्त चांगले ड्राफ्ट क्रमांक मिळावेत म्हणून मुद्दाम हरल्याचा संशय होता. मुद्दाम हरल्याचा आरोप सिद्ध झाला नाही, पण दोघांवर बंदी आली. अशा घरात वाढलेल्या मुलाला आपण "भरपूर संधी मिळाल्या" असं कुठल्या तोंडाने म्हणतो?

लोक लगेच निक नाइटानुईचं नाव घेतात. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर वेस्ट कोस्टने त्याला घेतलं आणि तो तीनदा ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात, गेला. मोठा खेळाडू, वादच नाही. पण त्याला पर्थमध्ये सारखे प्रशिक्षक न बदलणारा क्लब मिळाला. वॉट्स तिथे गेला असता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. मग सगळं खापर मुलाच्या डोक्यावरच का?

वॉट्सचं चांगलं वर्ष आलं २०१६ मध्ये, रूस यांच्या हाताखाली. ३८ गोल. ड्राफ्टनंतर तब्बल आठव्या हंगामात. २०१७ च्या क्वीन्स बर्थडेला, त्याच मैदानावर, त्याच कॉलिंगवूडविरुद्ध, सामना संपता संपता निर्णायक गोल त्यानेच मारला आणि मेलबर्न ४ गुणांनी जिंकलं. आणि तो हंगाम संपल्यावर क्लबाने त्याला पोर्ट ॲडलेडला देऊन टाकलं. त्याच्या तयारीबद्दल, शिस्तीबद्दल क्लबाच्या तक्रारी होत्या आणि त्या सगळ्या खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही. पोर्टमध्ये पाय मोडला, २१ सामने झाले, २०२० च्या सुरुवातीला तो निवृत्त झाला. एकूण १७४ सामने. बहुतेक मुलं याच्या निम्मेही खेळत नाहीत. तरी लोकांच्या तोंडी अजून "फुकट गेला" हेच.

उंच मुलांबद्दल एक गोष्ट मला जवळून दिसली आहे. माझा मुलगा इथल्या उपनगरातल्या क्लबात खेळतो. त्याच्या संघातला एक मुलगा एका वर्षात वीतभर वाढला. त्याआधी डोळे मिटून पकडावा असा चेंडू त्याच्या हातून सुटायला लागला, धावताना पाय एकमेकांत अडकायला लागले. आई-बाप सीमेवर कासावीस. प्रशिक्षकांनी शांतपणे त्याला गोलासमोरून काढलं आणि मागे उभं केलं, जिथे खेळ समोरून येताना दिसतो. तिथे त्याला नुसतं मूठ मारून चेंडू बाहेर घालवायचा होता. हंगाम संपेपर्यंत त्याचे हात पुन्हा बसले. वरच्या पातळीवरही उंच फॉरवर्ड तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात असं इथले जाणकार नेहमी सांगतात. आणि पहिला करार दोन-तीन वर्षांचा!

जागा बदलल्यावर सावरणं पॅडी मॅकार्टिनच्या बाबतीतही घडलं. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये सेंट किल्डाने त्याला पहिला घेतला, गोल मारायला. टाइप वन मधुमेह असलेला मुलगा. डोक्याला मार बसत गेला, कन्कशनवर (मेंदूला बसणाऱ्या धक्क्यावर) कन्कशन, ३५ सामन्यांनंतर २०१९ मध्ये क्लबाने हात वर केले. सगळे म्हणाले, संपला. सिडनीने त्याला आधी आपल्या दुय्यम संघात खेळू दिलं, मग २०२२ मध्ये मुख्य यादीत घेतलं आणि फॉरवर्डचा बचावपटू केला. धाकटा भाऊ टॉम तिथे आधीपासून होता. दोघे भाऊ शेजारी-शेजारी उभे राहिले आणि त्याच वर्षी ग्रँड फायनल खेळले. सिडनी ८१ गुणांनी हरलं, तरी मला त्या दोघांना एका बचावफळीत बघून भरून आलं होतं.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग मी लपवणार नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला पुन्हा कन्कशन झालं आणि ऑगस्टमध्ये सत्ताविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. म्हणून माझ्या मते मेंदूला वारंवार मार बसलेल्या मुलाबाबत निर्णय फक्त डॉक्टरांचा असावा. त्यात प्रशिक्षकाची गरज नको, प्रेक्षकांची हळहळ नको, खुद्द मुलाची इच्छासुद्धा पुरेशी धरू नये.

टॉम बॉइडचं वेगळंच. २०१३ चा पहिला क्रमांक, एका वर्षात जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) क्लबातून वेस्टर्न बुलडॉग्समध्ये, सुमारे सत्तर लाख डॉलरच्या कराराची चर्चा. दोन वर्षं रेडिओवर तो चेष्टेचा विषय होता. २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये त्याने तीन गोल मारले, बुलडॉग्सना १९५४ नंतरचा पहिला कप मिळाला आणि तीच तोंडं त्याला डोक्यावर घेऊन नाचली. पुढच्याच वर्षी नैराश्यामुळे त्याने विश्रांती घेतली आणि २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, करार शिल्लक असताना तो बाहेर पडला. पुन्हा संधी द्यायला क्लब तयार होता, त्याने नको म्हटलं. तो हक्क त्याचाच आहे आणि त्याबद्दल त्याला भित्रा म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

माझा एक सहकारी म्हणतो, यादीतली एक जागा म्हणजे बाहेर वाट बघणाऱ्या दुसऱ्या मुलाची जागा. त्याचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. मार्लिअन पिकेट पश्चिम ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं खेळत होता आणि सत्ताविसाव्या वर्षी, २०१९ मध्ये, रिचमंडने त्याला थेट ग्रँड फायनलमध्ये पदार्पणाला उतरवलं. पण मला यातून उलटंच दिसतं. सत्ताविसाव्या वर्षी माणूस तयार होऊ शकतो, तर बाविसाव्या वर्षी कुणाला निकालात कशाला काढता?

पुन्हा संधी म्हणजे त्याच जागी, त्याच माणसांसमोर, त्याच ओरड्यात आणखी एक वर्ष, असं मात्र मी म्हणत नाही. त्याने काही साधत नाही. क्लब बदला, जमलं तर शहर बदला. मैदानावरची जागा बदला. एक अख्खा हंगाम व्हीएफएल, एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएल अशा खालच्या, राज्यपातळीवरच्या लीगमध्ये खेळू द्या, जिथे दर चुकीनंतर पन्नास हजार लोक सुस्कारा टाकत नाहीत. २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला आहे, तिथून त्याला परत घ्या. पोराने सरावाला वेळेवर यावं, झोप आणि खाणं सांभाळावं, दारूचे फोटो बाहेर येऊ देऊ नयेत, ही अपेक्षा रास्तच आहे आणि मी ती सोडणार नाही. दोन वर्षं एकाच प्रशिक्षकाखाली, एकाच जागी. एवढं करूनही नाही जमलं, तर खुशाल सोडा त्याला.